पिवळा-निळा : 'विरोधी' की 'पूरक'?

प्रश्न : चित्रकार व्हॅन गॉगने सप्टेंबर १८८८मध्ये फ्रान्समधल्या आर्ल गावात रंगवलेलं कॅफेबाहेरच्या रस्त्याचं रात्रीचं चित्र. त्यातल्या पिवळ्या-निळ्याला 'विरोधी' म्हणावं की 'पूरक'? आणि तो पिवळा 'उजळ' की 'भडक'?

– रंग शेजारी-शेजारी असतील तर 'विरोधी'च म्हणा. एकामुळे दुसरा उठून दिसतो, हा परिणाम त्या शब्दात आहे. पण चित्रकाराच्या रंगचक्रात (रंग गोलात मांडलेल्या तक्त्यात) पिवळ्यासमोर जांभळा येतो आणि निळ्यासमोर नारिंगी. या चित्रात दोन्ही जोड्या सापडतात : पिवळी भिंत आणि कंदिलाचा उजेड पडून जांभळट-गुलाबी झालेली दगडी फरसबंदी; टेबलांखालची नारिंगी जमीन आणि मागची गडद निळी घरं.

– 'पूरक' टाकून देऊ नका. पिवळा आणि निळा प्रकाश योग्य प्रमाणात मिळाला की पांढरा होतो, म्हणजे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. मात्र ट्यूबमधल्या रंगांना हे लागू नाही. तिथे पिवळ्यात निळा गेला की हिरवा होतो, जांभळा गेला की तपकिरी-करडा. रंग मळतो तो इथेच. म्हणून ओल्या पिवळ्याला लागून निळा लावू नये. आधीचा थर वाळू द्यावा.

– उजळ आणि भडक यांत गल्लत फार होते. पांढरा घातला की पिवळा उजळ होतो, पण फिकाही पडतो, आणि दिवा पेटलेला वाटत नाही. भडकपणा म्हणजे रंगाची शुद्धता. इथला पिवळा दोन्ही आहे, कारण पिवळा शुद्ध असतानाच उजळ असतो. शुद्ध जांभळा गडद असतो. चित्राचा कृष्णधवल फोटो काढला तरी हा फरक टिकतो. लाल-हिरव्याचा बहुतेक वेळा टिकत नाही, दोन्ही सारखेच करडे येतात.

– मग अंधारासाठी काळा?

– बहिणीला लिहिलेल्या पत्रात व्हॅन गॉगने ही रात्र काळ्याशिवाय रंगवल्याचं सांगितलं आहे. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा क्रिमझन (किरमिजी लाल) घालून गडद जांभळट निळा करून पाहा. प्रशियन निळा वापरायचा तर अगदी ब्रशच्या टोकाला लागेल इतकाच. तो बाकीचे रंग गिळतो. आणि पिवळ्याची सावली काळ्याने केलीत तर ती शेवाळी हिरवी होते.