मदत हवी आहे: ६० हर्ट्झच्या जहाजाला गोदीतली ५० हर्ट्झची वीज कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीत आमचं ट्रान्सफॉर्मर आणि पॅनेलचं वर्कशॉप आहे. जहाज दुरुस्तीच्या एका गोदीतून चौकशी आलीय. हे काम आमच्यासाठी नवीन आहे, पण नीटच करून द्यायचं आहे.

जहाजावर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ, थ्री फेज, न्यूट्रल अर्थ केलेला नाही. गोदीत ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ. त्यांचं म्हणणं, ४१५ चे ४४० करून द्या, बास. मला हे पटत नाही. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलेल, फ्रिक्वेन्सी नाही. मोटारीतला फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) व्होल्ट भागिले हर्ट्झ या प्रमाणात असतो: ४४० भागिले ६० म्हणजे ७.३, तेच ४४० व्होल्ट ५० हर्ट्झवर दिले तर ८.८. फ्लक्स २० टक्के वाढला की कोअर (लोखंडी गाभा) सॅच्युरेट होणार, म्हणजे चुंबकत्वाची मर्यादा गाठणार, मोटारी तापणार. या हिशोबाने ५० हर्ट्झला साधारण ३६७ व्होल्टच हवेत. पण मग लाइटिंगला व्होल्टेज कमी पडेल, आणि पंप तरीही सहाव्या हिश्श्याने हळूच फिरतील.

बऱ्याच मरीन मोटारींच्या नेमप्लेटवर ३८० व्होल्ट, ५० हर्ट्झही लिहिलेलं असतं. म्हणून ३८० चा टॅप (वाइंडिंगवरचं जोडणीचं टोक) ठेवून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारा, द्यावा का? की खर्च जास्त असला तरी स्टॅटिक फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टरच (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने ५० चे ६० हर्ट्झ करणारा) सुचवावा? सेकंडरी, म्हणजे जहाजाकडची बाजू, अनअर्थ्डच ठेवणार आहे, फेजचा क्रम तपासणारा फेज सीक्वेन्स रिलेही देतोय.

जहाजावर ईटीओ (इलेक्ट्रो-टेक्निकल ऑफिसर) म्हणून काम केलेलं कुणी असेल तर कृपया सांगा, गोदीत असताना तुम्ही कोणता लोड चालू ठेवायचात? कोटेशन द्यायच्या आधी एवढं कळायला हवं.