मदत हवी आहे: गेम वर्षभर एकाच स्टोअरला द्यावा का?

नमस्कार मंडळी,

परभणीहून लिहितोय. मी आणि माझा मावसभाऊ अडीच वर्षांपासून पीसीसाठी एक गेम करायलोत. वालूरच्या चक्राकार बारवेवरून सुचलेला. खेळणारा गोल पायऱ्यांनी खाली उतरतो, पाणी जसजसं ओसरेल तसतसे नवे कोनाडे उघडे पडतात आणि त्यातली कोडी सोडवायची. आवाज आम्हीच गोळा केलेत. कळशी बुडतानाचा तो बुडबुड आवाज पारव्यांच्या फडफडीशिवाय मिळावा म्हणून दोन सकाळी बारवेत बसून होतो.

स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन स्टोअरवर पान टाकून वर्ष झालं, साडेचार हजार लोकांनी विशलिस्ट केलंय, म्हणजे पुढे घ्यायचा म्हणून यादीत टाकलाय. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका स्टोअरचा मेल आला: पीसीवर पहिलं वर्ष फक्त आमच्याकडे द्या. बदल्यात किमान रकमेची हमी, विक्री झाली नाही तरी ती परत मागणार नाहीत. दोघांच्या घरांचा चौदा महिन्यांचा खर्च त्यात निघतो. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, भावाने नोकरी सोडलीय, त्यामुळे हा आकडा बघून रात्री झोप लागेना.

स्टीम विक्रीतले 30 टक्के कापतं. एपिक या गेम कंपनीने 2018 मध्ये स्वतःचं स्टोअर काढलं ते 12 टक्क्यांवर. पण कपात कमी असली तरी गिऱ्हाईक तेवढं येतं का, हा खरा प्रश्न. ‘कंट्रोल’ हा गेम पीसीवर आधी फक्त आपल्याकडे यावा म्हणून एपिकने जवळपास 95 लाख युरो मोजले होते, पण ती मोठ्यांची गोष्ट. आमच्या मापाचं उदाहरण म्हणजे ‘ऊब्लेट्स’ हा गेम. करणारी दोनच माणसं. इतर स्टोअरवर जेवढी विक्री झाली असती तेवढ्या रकमेची हमी एपिकने त्यांना दिली. 2019 मध्ये गेम पीसीवर फक्त एपिककडे येणार असं त्या दोघांनी जाहीर केलं आणि शिव्या, धमक्यांचा पाऊस पडला. ‘मेट्रो एक्झोडस’ हा गेम तर त्याच वर्षी यायला जेमतेम दोन-तीन आठवडे असताना स्टीमवरच्या विक्रीतून काढून एपिककडे नेला, तेव्हाही लोक फार भडकले. आमची साडेचार हजार माणसं एकेक करून जमवलीत. त्यांना काय तोंड दाखवायचं?

दुसरीकडे पुण्याच्या टीमचा ‘राजी’ हा गेम. 18 ऑगस्ट 2020 ला फक्त निन्टेंडोच्या स्विच या गेम खेळायच्या यंत्रावर आला, 15 ऑक्टोबरला बाकी सगळीकडे. दोन महिनेसुद्धा नाहीत. तेवढं मला पटतं. वर्ष फार वाटतं. कुणी असा करार केलाय का? सही करण्याआधी काय काय विचारून घ्यावं?

प्रतिसाद

दादा, हमीची रक्कम ही बहुतेक वेळा पुढच्या विक्रीतली उचल असते. तुमच्या वाट्याची विक्री तेवढी होईपर्यंत वर एक रुपया येत नाही. म्हणजे त्या वर्षाची कमाई तेवढीच, असं धरूनच हिशेब करा. पैसे कधी मिळणार ते आधी विचारा: सहीला किती, गेम त्यांच्या तपासणीत पास झाल्यावर किती? सगळे शेवटी देणार असतील तर तोवरचा घरखर्च कुठून काढाल? स्टीमचं पान ‘लवकरच’ म्हणून चालू ठेवता येईल हे लेखी घ्या, नाहीतर विशलिस्ट वर्षभर वाढायची थांबेल. आणि सहा महिने मागा, लाजू नका. एपिकनेच 2023 मध्ये सहा महिने फक्त त्यांच्याकडे राहणाऱ्या गेमला त्या काळातली 100 टक्के निव्वळ कमाई देऊ केली होती. सहा महिन्यांची मुदत या धंद्यात नवी नाही.

धागाकर्ता

उचलीचं लक्षातच आलं नव्हतं, मी ती रक्कम वेगळी आणि विक्री वेगळी धरून बसलो होतो. सहा महिने आणि सहीला निम्मे पैसे, असं आज रात्रीच लिहून पाठवतो. विशलिस्टवाल्यांना सही होण्याआधी सांगावं की नंतर, हे मात्र अजून ठरेना. कुणाला अनुभव असेल तर सांगा.