मदत हवी आहे : स्केलिंगनंतर फटी दिसू लागल्या, बाबा पुन्हा दात दाखवायला तयार नाहीत

बाबा ६७ वर्षांचे आहेत, बरीच वर्षं डायबेटिस आहे. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटण इतकं साचलं होतं की चारही दात मिळून एकच सलग पट्टी वाटायची. ब्रश करताना रक्त यायचं, पण "ब्रश कडक असेल" म्हणून ते सोडून द्यायचे. तीन महिन्यांपूर्वी मी मागे लागून स्केलिंग, म्हणजे मशीनने कीटणाचा कडक थर काढणं, करून घेतलं.

थर निघाला आणि दातांमध्ये फटी दिसू लागल्या. सुरुवातीला गार पाण्याने कळ यायची, ती थांबली. पण एक दात किंचित हलतो. "चांगले घट्ट दात मशीन लावून खिळखिळे केले," हे आता रोज ऐकते आहे. डॉक्टरांनी दोन दाढांपाशी ५ आणि ६ मिलिमीटरचे पॉकेट (दात आणि हिरडीमधली खोल खाच) सांगितलेत, तिथे हिरडीच्या आत सफाई करायची आहे. बाबा साफ नाही म्हणतात. आणि खालच्या दातांमागे परत पिवळं दिसायला लागलंय.

स्केलिंगने खरंच दात सैल होतात का? दोन वेळा ब्रश करूनही कीटण त्याच जागी का येतं? त्यांची बोटं आखडतात, त्यामुळे दातांच्या फटी साफ करायचा दोरा (फ्लॉस) धरता येत नाही. त्याला पर्याय आहे का?

प्रतिसाद १
मी दातांची डॉक्टर आहे. तपासल्याशिवाय उपचार सांगणार नाही, पण बाबांची शंका रास्त आहे, तिचं उत्तर द्यायला हवं. हिरडी आणि हाड आधीच खाली सरकलेलं असतं. रिकामी झालेली जागा कीटणाने भरलेली असते, आणि तेच कीटण सैल दातांना एकमेकांशी जखडून ठेवतं. ते काढलं की आधीचं नुकसान उघडं पडतं. उपचाराआधीचा एक्स-रे असेल तर डॉक्टरांना तो बाबांना दाखवायला सांगा. हाड कुठपर्यंत उतरलंय हे स्वतः पाहिलं की माणसाला पटतं.

निरोगी हिरडीत या खाचेचं माप साधारण १ ते ३ मिलिमीटर येतं. ५-६ मिलिमीटर खोलवर कुठलाही ब्रश पोहोचत नाही. आतली सफाई जागा बधिर करून करतात. गेलेलं हाड त्याने भरून येत नाही, पण झीज थांबवता येते, म्हणून उशीर नको. डायबेटिसमध्ये तर हे दुहेरी आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्यांची सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही.

त्याच जागी येण्याचं कारण लाळ. जिभेखाली लाळेच्या ग्रंथींची तोंडं उघडतात, लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट दातावरच्या मऊ थरात बसतं आणि तो दगडासारखा होतो. काही दिवसांतच हे सुरू होतं. मऊ असेपर्यंत ब्रशने निघतं, कडक झालं की नाही. घरी टोकदार वस्तूने खरवडू देऊ नका, हिरडी फाटते.

एक विचारते, रक्तदाबासाठी अम्लोडिपिन घेतात का? काहींच्या हिरड्या त्या गोळीने फुगतात. गोळी मनाने बंद करू नका, फक्त दोन्ही डॉक्टरांना माहीत असू द्या.

प्रतिसाद २
आईच्या बोटांना संधिवात आहे. दोरा सोडून आम्ही फटींत घालायचे बारीक ब्रश आणले. माप दवाखान्यातच ठरवून घ्या, प्रत्येक फटीला वेगळं लागू शकतं. जाड मुठीचा बॅटरीवरचा ब्रशही तिला धरायला सोपा जातो. पहिले काही दिवस रक्त जास्त आलं आणि ती घाबरली, पण आम्ही थांबलो नाही. हळूहळू कमी झालं.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. अम्लोडिपिन घेतात! हे कुणी विचारलंच नव्हतं. एक्स-रे फाइलमध्ये सापडला, संध्याकाळी बाबांना दिला. बराच वेळ उजेडात धरून बघत होते. मग म्हणाले, "हे आधी का नाही दाखवलं?" शनिवारी सकाळची वेळ घेतली आहे. नाश्ता आणि साखरेची गोळी नेहमीसारखी घेऊन जायचं ना?

प्रतिसाद १
हो, उपाशी अजिबात नेऊ नका. साखरेचा शेवटचा रिपोर्ट आणि सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर ठेवा.