केमोथेरपी चालू असताना कच्चे अन्न पूर्ण बंद करावे का?

प्रश्न

माझ्या आईला बी-पेशींचा लिम्फोमा (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग) झाला असून तिच्यावर दर २१ दिवसांनी आर-चॉप पद्धतीची केमोथेरपी चालू आहे. या काळात पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, हे आम्हाला समजले आहे. परंतु नातेवाइकांच्या सांगण्यावरून घरात फळे, कोशिंबीर, ताक, वरून घातलेली कोथिंबीर असे सारेच बंद झाले आहे आणि मुगाची खिचडी व दुधीची भाजी यांपलीकडे तिच्या ताटात फारसे काही येत नाही. तिचे खाणे कमी होत चालले आहे, वजनही उतरले आहे. कच्चे अन्न टाळल्याने संसर्ग खरोखर कमी होतो, असे कोणत्या अभ्यासातून सिद्ध झाले आहे का? आणि आम्ही ज्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे, असे आणखी काही आहे का?

उत्तर १ (सूक्ष्मजीवशास्त्राचे निवृत्त अध्यापक)

तसे सिद्ध झालेले नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात तीव्र मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगावरील पहिली केमोथेरपी घेणाऱ्या १५३ रुग्णांना यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागून एका गटाला केवळ शिजवलेले अन्न आणि दुसऱ्याला कच्ची फळे व भाज्याही देण्यात आल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गंभीर संसर्गाचे प्रमाण शिजवलेले अन्न घेणाऱ्यांत २९ टक्के, तर कच्चे अन्नही घेणाऱ्यांत ३५ टक्के होते. हा फरक योगायोगानेही पडू शकेल इतका लहान होता आणि मृत्यूच्या प्रमाणातही फरक आढळला नाही. पुढे २०१८ साली कर्करोगग्रस्त लहान मुलांच्या १५० जणांच्या अभ्यासात कडक पथ्य पाळणाऱ्यांत संसर्ग ३५ टक्के आणि केवळ अन्नसुरक्षेचे नेहमीचे नियम पाळणाऱ्यांत ३३ टक्के निघाला.

मात्र हे निष्कर्ष आपल्या स्वयंपाकघरात आणताना सावध राहावे, असे मला वाटते. हे अभ्यास अमेरिकेतले आहेत, पहिल्या अभ्यासातील रुग्ण तर गाळलेल्या हवेच्या खोल्यांत राहत होते, आणि मुलांच्या अभ्यासातला दुसरा गट वाटेल ते खात नव्हता. धुणे, नीट शिजवणे, कच्चे व शिजलेले वेगळे ठेवणे हे नियम तो पाळत होता. म्हणून सोलून खाण्याची केळी, संत्री, पपई आणि उकळून गार केलेल्या पाण्याने स्वच्छ धुऊन घरी केलेली काकडीची कोशिंबीर आईंना नाकारण्याचे कारण मला दिसत नाही. याउलट कच्ची मोडाची मटकी (शिजवलेली उसळ चालेल), रसवंतीचा रस, पाणीपुरी, बाहेरचा बर्फ आणि कच्चे दूध टाळावे. ताकाबद्दल मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

पथ्याचा उपयोग इतका मर्यादित का, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. या रुग्णांना आजारी पाडणारे बहुतेक जिवाणू त्यांच्याच आतड्यात, तोंडात आणि त्वचेवर आधीपासून असतात. केमोथेरपीने तोंडाचे व आतड्याचे अस्तर झिजते, त्याच सुमारास न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात आणि आतड्यातला ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला थेट रक्तात उतरतो. पेशींची संख्या आणि संसर्ग यांचे हे नाते जेराल्ड बोडी आणि सहकाऱ्यांनी १९६६ साली ल्युकेमियाच्या ५२ रुग्णांच्या नोंदींवरून आकड्यांत मांडले. त्या शोधनिबंधाच्या चार लेखकांत एक नाव वाय. एस. साठे असेही आहे. संख्या जितकी कमी आणि ती जितके अधिक दिवस कमी राहते, तितका धोका मोठा. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे ५०० न्यूट्रोफिल ही आजही वापरात असलेली धोक्याची पातळी याच विचारातून आली आहे.

उत्तर २ (कर्करोग विभागातील परिचारिका)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहिते. ताटापेक्षा थर्मामीटरकडे अधिक लक्ष द्यावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आर-चॉपनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांत पेशी सर्वांत खाली जातात. या काळात ताप एकदाही १०१ अंश फॅरनहाइट झाला किंवा १००.४ अंशांवर तासभर टिकला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. आधी पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नये. त्याने ताप झाकला जातो, संसर्ग नाही. पू, सूज, लाली यांचीही वाट पाहू नये, कारण पू मुख्यतः न्यूट्रोफिल पेशींचाच बनतो आणि त्याच शिल्लक नसल्या तर गंभीर संसर्गातही बाहेरून काही दिसत नाही. वयस्क रुग्णांत कधी ताप येतच नाही. थंडी वाजणे, असंबद्ध बडबडणे, एकाएकी गळून जाणे हीसुद्धा तितकीच गंभीर लक्षणे समजावीत.

कॅज्युअल्टीत पोहोचल्यावर पहिलेच वाक्य ‘केमो चालू आहे आणि ताप आहे’ हे असावे. रक्ताचे कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) घेऊन, अहवालासाठी न थांबता, तासाभरात शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस जायला हवा. अहवालासाठी न थांबण्याची ही पद्धत अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. स्टीफन शिम्फ यांच्या १९७१ सालच्या अभ्यासापासून रूढ झाली. त्यापूर्वी कल्चरची वाट पाहता पाहता रुग्ण हातचे जात असत.

प्रश्नकर्ता

आपल्या दोघांचा मनापासून आभारी आहे. एक शंका उरली आहे. ताप येण्याआधीच लेव्होफ्लॉक्सॅसिन या प्रतिजैविकाच्या गोळ्या सुरू कराव्यात, असे एका परिचितांनी सुचवले. ते योग्य आहे का?

उत्तर १

स्वतःहून तर मुळीच नको. या गोळ्यांचा लाभ २००५ सालच्या दोन मोठ्या चाचण्यांत दिसला, हे खरे आहे. इटलीतल्या ७६० जोखमीच्या रुग्णांत तापाचे प्रमाण ८५ टक्क्यांवरून ६५ टक्क्यांवर आले. ब्रिटनमधल्या १,५६५ रुग्णांत केमोथेरपीच्या पहिल्या सायकलमध्ये (फेरीत) ते ७.९ टक्क्यांवरून ३.५ टक्क्यांवर आले. परंतु आपल्याकडे ई. कोलाय आणि क्लेब्सिएला यांच्यात या औषधगटाला मोठ्या प्रमाणावर प्रतिरोध निर्माण झालेला आहे, त्यामुळे तिथला लाभ इथे तसाच मिळेल असे धरता येत नाही. शिवाय लेव्होफ्लॉक्सॅसिन क्षयाच्या जंतूंवरही काम करते. निदान न झालेला क्षय असेल तर तो अर्धवट दबतो आणि त्याचे निदान लांबते. पेशी लवकर वाढवणारे जी-सीएसएफचे इंजेक्शन आईंना द्यावे का, ही चर्चा डॉक्टरांशी करणे अधिक उपयोगाचे ठरेल.

आणखी एक गोष्ट अवश्य पाहावी. आर-चॉपमधले रिटुक्सिमॅब बी-पेशी नष्ट करते, त्यामुळे यकृतात वर्षानुवर्षे सुप्त असलेला हेपटायटिस बी पुन्हा उसळू शकतो, कधी कधी उपचार संपल्यानंतर अनेक महिन्यांनीही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१३ साली याविषयीचा इशारा अधिक कडक केला. हेपटायटिस बीच्या एचबीएसएजी आणि अँटी-एचबी कोअर या दोन्ही रक्ततपासण्या झालेल्या असाव्यात. पहिली निगेटिव्ह आली म्हणून दुसरी सोडून चालत नाही. जुन्या संसर्गाची खूण आढळली, तर एन्टेकॅव्हिरसारखे औषध देऊन ही उसळी बहुतांशी टाळता येते. आईंच्या फाइलमध्ये हे दोन अहवाल सापडले नाहीत, तर पुढच्या सायकलपर्यंत न थांबता डॉक्टरांना विचारावे.