अनुभव धागा : मासे पाळणाऱ्यांच्या मंडळातून तुम्ही घरी काय आणलंत?

आमचं मंडळ डोंबिवलीचं. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, त्यांच्या टाक्या बघायच्या, चहा-पोहे व्हायचे आणि मग अदलाबदल. एकाकडे व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती माजलेली असते, दुसऱ्याकडे प्लॅटी माशाची चाळीस पिल्लं वाढून बसलेली असतात. मंडळात पैशांची देवघेव करायची नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. गेल्या बैठकीला कॉलेजातला एक मुलगा पहिल्यांदाच आला होता. निघताना त्याने विचारलं, "ताई, माहिती तर सगळी मोबाइलवर मिळते. मग एवढ्या लांबून इथे कशाला यायचं?" तो प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतेय. गावोगावच्या मंडळींनी लिहा. मंडळातून किंवा तुमच्यासारख्याच दुसऱ्या मासेवेड्याकडून घरी आणलेली एक वस्तू, एक जीव नाहीतर एक सवय सांगा, आणि पुढे तिचं काय झालं तेही सांगा.

माझ्यापासून सुरुवात.

मी आणला होता एक मळका स्पंज. २०११ सालची गोष्ट. दोन फुटी टाकी, खडी, फिल्टर आणि बारा निऑन टेट्रा, सगळं एकाच दिवशी दुकानातून घरी आलं. पाणी आरशासारखं. चौथ्या दिवशी मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले, आणि आठवड्याभरात अकरा गेले. रोज सकाळी मी जाळी हातात घेतली की मुलगी विचारायची, "आई, आज किती?" एवढ्या स्वच्छ पाण्यात मासे मरतात कसे, हेच कळेना. शेवटी मंडळातले एक काका घरी आले. टाकीतलं पाणी त्यांनी छोट्या नळीत घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले, आणि बघता बघता नळी हिरवीगार झाली. अमोनिया. "पाणी स्वच्छ आहे हो, पण त्यात अजून कुणी राहायला आलेलं नाही," ते म्हणाले. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया सुटतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळच कमी घातक, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं. हे जिवाणू नव्या टाकीत वसायला चार ते सहा आठवडे लागतात. मी त्यांना एक दिवसही दिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्यांच्या आठ वर्षं चाललेल्या टाकीतला अर्धा स्पंज कापून दिला, श्रीखंडाच्या डब्यात, टाकीच्याच पाण्यात बुडवून. तपकिरी, बुळबुळीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास. "नळाखाली धरू नका, क्लोरीनने सगळे मरतील. टाकीतलंच पाणी बादलीत काढायचं आणि त्यात हलक्या हाताने पिळायचा." बारावा टेट्रा त्यानंतर तीन वर्षं जगला. आमच्या मंडळात त्या स्पंजाला विरजण म्हणतात. शेजारणीकडून वाटीभर आणावं तसंच ते आणायचं, आणि आपलं मुरलं की पुढच्याला द्यायचं. मोबाइलवर ते मिळत नाही.

*

सोलापूरहून लिहितोय. मी घरी आणला तो सल्ला, आणि तो गिळायला मला वर्ष लागलं.

आमच्याकडे बोअरचं पाणी, टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) १,१००. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी. मला हौस टेट्रांची आणि डिस्कसची, म्हणजे ॲमेझॉनच्या मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्यातल्या माशांची. त्यांच्यासाठी मी घरात आरओ लावला. एक बादली चांगलं पाणी मिळवायला दोन-अडीच बादल्या मोरीत जायच्या. आई काही बोलायची नाही, पण त्या वाहत्या नळीकडे बघत उभी राहायची. पुण्याला एका मंडळाच्या बैठकीला गेलो तेव्हा एका ज्येष्ठ सभासदांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाण्याशी कशाला भांडतोस? तुझ्या पाण्यात जे आनंदाने राहतील ते पाळ." त्यांनी क्षारांचं पाणी मानवणारे मासे दिले: मॉली आणि आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले सहा यलो लॅब.

आरओ काढून टाकला. सात महिन्यांनी एका मादीने खाणं सोडलं. गळ्याखालचा भाग फुगलेला, तोंड मिटलेलं, आणि दर काही सेकंदांनी जबडा असा हलवायची जणू काही चघळतेय. अंडी तोंडात होती. जवळजवळ तीन आठवडे तिने एक दाणा खाल्ला नाही. पोट खपाटीला गेलं. मग एका सकाळी दगडाआड तिने तोंड उघडलं आणि नखाएवढी पिवळी पिल्लं बाहेर आली. मी जवळ गेलो तर ती पुन्हा तिच्या तोंडात शिरली. त्या दिवशी मी कामावर उशिरा पोहोचलो. आता टाकीतून काढलेलं पाणी आई जास्वंदीला घालते आणि जास्वंद कशी फुललीय ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

*

नागपूर. सवय सांगतो, थोडक्यात. मे महिन्यात आमच्या खोलीत पाणी ३४ अंशांवर जायचं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, मासे धापा टाकायचे. मी बर्फाचे खडे टाकायचो, तापमान झपकन उतरायचं आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पांढरे ठिपके. मंडळातल्या एका दादाने सांगितलं, झाकण काढ आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोड. कूलरचंच तत्त्व. पाणी उडतं, रोज दोन तांबे भर घालावी लागते, पण तीन-चार अंश हळूहळू खाली येतात. भर घालायचं पाणी आदल्या रात्री बादलीत काढून ठेवलेलं हवं. सहा उन्हाळे निभावले.

*

मी कल्याणची. २६ जुलै २००५. सांताक्रूझला त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला हे सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे उल्हास नदी वर आली आणि दोन दिवस वीज नव्हती. घरात तीन फुटी टाकी, एंजल माशांची चार वर्षांची जोडी. दोनच महिने आधी मंडळात कुणीतरी सांगितलं होतं: वीज गेली की खाणं बंद करा, मासे तीन-चार दिवस उपाशी राहू शकतात, आणि मगाने पाणी काढून हातभर उंचीवरून परत टाकीत ओता, म्हणजे हवा मिसळते. आम्ही पाळ्या लावल्या. मी, सासूबाई, मोठा मुलगा. अर्ध्या तासाला पंचवीस मग. खालच्या मजल्यावरचं कुटुंब सामान घेऊन आमच्याकडेच आलं होतं, त्यांची दहा वर्षांची मुलगीही पाळीला बसली. मेणबत्तीच्या उजेडात मगाच्या धारेखाली ते दोन मासे येऊन थांबायचे. त्या रात्री सगळे फार घाबरलेले होतो, नवरा मुंबईत अडकलेला, फोन लागत नव्हता. हाताला काम होतं म्हणून ती रात्र गेली, असं सासूबाई नंतर म्हणाल्या. नवरा तिसऱ्या दिवशी चालत घरी आला. जोडी जगली.

*

न्यू जर्सीहून. इथल्या क्लबांची पद्धत निराळी आहे. सभासदाने एखाद्या जातीची पैदास केली आणि ठरावीक दिवस पिल्लं जगवली की त्याला गुण मिळतात, आणि काही पिल्लं क्लबच्या लिलावात द्यावी लागतात. लिलाव म्हणजे मोठा हॉल, टेबलांवर शेकडो पिशव्या, प्रत्येक पिशवीवर जातीचं शास्त्रीय नाव हाताने लिहिलेलं. माझ्या पहिल्या लिलावात मी ती नावं वाचत चालले होते आणि एका पिशवीपाशी थबकले. त्यावर लिहिलं होतं, 'सह्याद्रिया डेनिसोनी'.

रुपेरी अंग, नाकापासून डोळ्यातून मागे गेलेली लाल रेघ, तिच्याखाली काळा पट्टा, शेपटीवर काळे-पिवळे छेद. भारतात ह्याला मिस केरळ म्हणतात, इथे रोझलाइन शार्क. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या, पश्चिम घाटातून उतरणाऱ्या नद्यांतला मासा. १८६५ मध्ये त्याचं पहिलं वर्णन झालं, आणि २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी स्वतंत्र प्रजाती (जीनस) मांडून तिला आपल्या डोंगराचं नाव दिलं. मी साताऱ्याची, सह्याद्री बघत मोठी झालेली, आणि हे मला न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या एका हॉलमध्ये कळलं. शेजारी बसलेल्या वयस्क गृहस्थांनी विचारलं, हा तुमच्याकडचा ना? ते मला त्याच्याबद्दल अर्धा तास सांगत होते. निर्यातीसाठी हा मासा नद्यांतून इतका उपसला गेला की आज तो आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत संकटग्रस्त आहे, म्हणून नेहमी पैदास केलेलाच घ्या, विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. ती सहा पिल्लं मी घरी आणली. आता चार फुटी टाकीत आहेत. त्यांना वाहतं पाणी लागतं, म्हणून पंपाची धार एका टोकाकडून सोडलीय, आणि ती सगळी धारेकडे तोंड करून एका रांगेत पोहत राहतात.

*

मी रायगड जिल्ह्यात आरोग्यसेवक आहे. 'गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा' ही भिंतीवरची अक्षरं तुम्ही सगळ्यांनी पाहिली असतील. आमच्या केंद्रामागच्या सिमेंटच्या टाकीत ते मासे वाढवून घरोघरच्या टाक्यांत आणि हौदांत सोडणं हे माझं काम. दोन-तीन वर्षांत त्या टाकीतले मासे खुरटायला लागले, काहींचे कणे वाकडे. गप्पी म्हणजे दर चार आठवड्यांना पिल्लं देणारा मासा, त्याला काय शिकायचंय, असं मला वाटायचं. मेहुण्याच्या ओळखीने अलिबागला मासे पाळणाऱ्या काही जणांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दादा, नवं रक्त कधी आणलं होतं?" कधीच नाही. एकाच घराण्यातली पैदास चालली होती. मग दुसऱ्या तालुक्यातल्या केंद्राशी मासे बदलून घेतले, पिल्लांना लपायला पाणवनस्पती टाकल्या, कारण गप्पी स्वतःचीच पिल्लं खातो. विहिरीत टीसीएल पावडर (जंतू मारणारी क्लोरीनची पूड) टाकल्यावर लगेच मासे सोडायचे नाहीत, हेही तिथेच पक्कं समजलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती मला सगळ्यात मोलाची वाटते. गप्पी बंद हौदातच सोडा, ओढ्यात नको. तो दक्षिण अमेरिकेकडचा मासा, ओढ्यात शिरला की आपल्या छोट्या माशांच्या खाण्यावर येतो. मग मला ओढ्यावर नेऊन त्यांनी पॅनचॅक्स दाखवला: बोटाएवढा, अगदी पृष्ठभागाखाली स्थिर, डोक्यावर चांदीचा एक ठिपका. तोही डासांच्या अळ्या खातो. त्या ओढ्यावरून मी बावीस वर्षं जात-येत होतो. आता शाळेत गप्पी दाखवायला जातो तेव्हा पोरांना तो ठिपकाही दाखवतो.

*

ठाण्यातून. आजीने आणलं. मंडळाच्या बैठकीला माझ्यासोबत सोबत म्हणून आली होती, परतताना तिच्या पिशवीत जंगली बदामाची वाळकी पानं. कुणीतरी तिला सांगितलं होतं की फायटर माशाच्या टाकीत ही पानं टाकली की पाणी चहासारखं होतं आणि त्याला मानवतं. आमच्या सोसायटीत बदामाची तीन झाडं, सफाईवाल्या मावशी रोज पानं जाळायला न्यायच्या. आजी खाली जाऊन लाल, गळून पडलेली, न किडलेली पानं निवडून आणायला लागली.

त्याच पाण्यात आमच्या फायटरने बुडबुड्यांचं घरटं बांधलं, पानाच्या कडेला टेकून. अंडी खाली पडली की तो तोंडात झेलून एकेक परत बुडबुड्यांत ठेवायचा. दोन दिवसांनी पिल्लं फुटली, स्वल्पविरामासारखी, शेपटी खाली लोंबत. एखादं खाली घसरलं की तो खाली जाऊन आणायचा. आजी खुर्ची टाकून बसायची. "बाप्या बघ कसा राबतोय," म्हणायची. पिल्लं आडवी पोहायला लागल्यावर बापाला बाजूला काढायचं, हे मंडळातून फोन करून विचारलं. आधी कोबीच्या पानाच्या पाण्यातले सूक्ष्मजीव, मग आर्टेमिया, म्हणजे कोळंबीसारखे इवलेसे जीव. एकोणीस वाढली. आजी गेल्याला दोन वर्षं झाली. पानं आता मी निवडते, आणि बैठकीला जाताना दहा-दहाच्या जुड्या बांधून नेते.

*

मी इंदापूरचा, नोकरी पुण्यात. चुलते उजनीच्या पाण्यात जाळी टाकतात. काही वर्षांपासून त्यांच्या जाळ्यात सकर मासा यायला लागलाय. अंगावर हाडांचं चिलखत, परांना काटे, जाळं फाडतो, आणि बाजारात त्याला कुणी घेत नाही. तो दक्षिण अमेरिकेतला. दुकानात दोन इंचांचा 'काच साफ करणारा मासा' म्हणून विकतात. तो दीड फूट होतो हे घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. टाकीत मावेना की माणूस दया म्हणून जवळच्या नदीत सोडतो, आणि भीमेच्या खोऱ्यातली पुण्याची नदी पुढे उजनीतच जाते.

हे सगळं मी पुण्याच्या मंडळात सांगितलं, सोबत चुलत्यांच्या फाटक्या जाळ्याचा एक तुकडा नेला होता. तो हातोहात फिरला. तीन जणांच्या घरी वाढलेले सकर होते आणि तिघेही ते कुठे सोडावेत ह्याच विचारात होते. पुढच्या महिन्यात एका सभासदाच्या गच्चीवर आम्ही सिमेंटचा हौद बांधला. मी घरी आणलेली गोष्ट म्हणाल तर त्या हौदाची एक किल्ली. दर शनिवारी माझी पाळी असते. सध्या आत अकरा सकर, दोन ऑस्कर आणि एक टिनफॉइल बार्ब आहे. सकरांना काकडी आणि दुधी आवडतो, रात्री घातलेली फोड सकाळी नुसत्या सालीएवढी उरते. हौदात अजून चार-पाच मोठ्या माशांची जागा आहे. पुणे-पिंपरीत कुणाचा मासा टाकीत मावत नसेल तर नदीवर जाऊ नका, इथे लिहा, मी येऊन घेऊन जाईन.