शब्दचर्चा : ‘आघात’ आणि ‘तुझ्या’मधला ‘तु’

प्रश्न : एका प्रेमकवितेचा लगक्रम (लघू-गुरू अक्षरांचा क्रम) लावताना या दोन ओळींपाशी मी अडलो आहे.

तुझ्या पावलांची मला ओढ लागे
दिव्यासारखे चित्त रात्रीत जागे

वृत्त भुजंगप्रयात वाटते, परंतु जोडाक्षरापूर्वीचे अक्षर गुरू (दोन मात्रांचे) धरले तर दोन्ही ओळी आरंभीच मोडतात. ही कवीची चूक मानावी का?

उत्तर : चूक मुळीच नाही. शाळेत शिकवला जाणारा नियम अपुरा असतो, कारण त्यातला ‘आघात’ हा शब्द बहुधा गळून गेलेला असतो. जोडाक्षराच्या उच्चाराचा आघात मागच्या ऱ्हस्व अक्षरावर येत असेल, तरच ते गुरू होते. ‘चित्त’ म्हणताना ‘चि’वर जोर येतो, म्हणून तो गुरू, ‘तुझ्या’ म्हणताना ‘तु’वर येत नाही, म्हणून तो लघूच (एका मात्रेचा) राहतो. मग दोन्ही ओळींत लघू-गुरू-गुरू असा यगण चार वेळा येऊन 12 अक्षरे आणि 20 मात्रा बिनचूक भरतात.

‘दिव्यासारखे’ हे उदाहरण तर फारच बोलके आहे. ‘दिव्य’ या तत्सम शब्दात ‘दि’ गुरू आहे, पण ‘दिवा’चे सामान्यरूप असलेल्या ‘दिव्या’त तो लघू आहे, लिहिताना जोडाक्षर तेच, उच्चार मात्र निराळा. ‘सख्य’ आणि प्रियकराला मारलेली ‘सख्या’ ही हाक यांच्यातही हाच भेद आहे. ‘पुन्हा’तला ‘पु’देखील लघूच, कारण ‘न्ह’ आपण एकाच महाप्राण (‘ह’मिश्रित) ध्वनीसारखा उच्चारतो. प्रेमकविता ‘तू’ला उद्देशून लिहिलेली असल्याने ‘तुझ्या’ हा शब्द तिच्यात पावलोपावली भेटतो, आणि म्हणूनच हा बारकावा तिथे सर्वाधिक उपयोगी पडतो. डोळ्यांनी मात्रा मोजणाऱ्याला निर्दोष ओळ सदोष वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पुरवणी प्रश्न : ‘लागे-जागे’ याला यमक म्हणावे की अंत्ययमक?

उत्तर : अंत्ययमक म्हणणे अधिक नेमके. संस्कृत काव्यशास्त्रातले यमक म्हणजे तोच अक्षरसमूह भिन्न अर्थाने पुन्हा येणे, मग तो चरणात कुठेही असो; मराठीत मात्र नुसते ‘यमक’ म्हटले तरी चरणान्तीचे ध्वनिसाम्यच अभिप्रेत असते. येथे जुळणारा भाग ‘आगे’ एवढा आहे. ‘लागे’शी ‘सांगे’ जुळवले असते, तर अनुस्वारामुळे तो मेळ सैल पडला असता.