'खालसा करणे' कुठे चालेल, कुठे नाही?

प्रश्न: एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय साम्राज्यविस्तारावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतोय. मूळ लेखात सातारा, पंजाब, अल्जीरिया, काँगो, सगळीकडे 'अॅनेक्सेशन' (दुसऱ्याचा मुलूख आपल्या राज्याला जोडणे) हा एकच शब्द आहे. सरसकट 'खालसा केले' लिहू का? की 'विलीनीकरण' बरं?

प्रतिसाद: 'विलीनीकरण' कृपया नको. तो शब्द आपल्याकडे १९४७ नंतरच्या संस्थानांना चिकटलाय आणि त्यात निदान कागदावर तरी संस्थानिकाची सही असते. साताऱ्याला कोणी सही केली होती?

'खालसा' मूळचा अरबी, अर्थ निर्भेळ. कारभारात आला तेव्हा, ज्या जमिनीचा वसूल मध्ये जहागीरदार-इनामदार न राहता थेट सरकारात जमा होतो ती खालसा जमीन. म्हणून इनाम खालसा करणे म्हणजे सरकारने दिलेलं सरकारने परत घेणं. घेणारा हाच मूळचा धनी, हे त्या शब्दात गृहीतच आहे.

आणि ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जनरल डलहौसी याचा दावा नेमका हाच होता. साताऱ्याचं राज्य १८१९ च्या तहाने कंपनीनेच प्रतापसिंहांना दिलं, म्हणून १८४८ मध्ये त्यांचे भाऊ शहाजीराजे वारल्यावर दत्तक नामंजूर करून ते परत घ्यायचा हक्कही कंपनीचाच. तहात मात्र वारसांचा उल्लेख होता, आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनीही खालसा करायला विरोध केला होता. म्हणजे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही जे निर्विवाद वाटत नव्हतं, ते आपण एका क्रियापदात मान्य करून टाकतो.

नागपूरला तर हे फारच खटकतं. भोसल्यांचं राज्य त्यांनी स्वतः कमावलेलं, पण १८१८ नंतर ते आम्हीच परत दिलं, असं म्हणून कंपनीने १८५४ मध्ये घेतलं. राजवाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीला विकायला काढले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात गेलं. हे वाचल्यावर 'खालसा' हा दप्तरी शब्द मला तरी पुरत नाही.

प्रश्नकर्ता: पण 'झाशी खालसा' हे शाळेपासून सगळ्यांच्या कानात आहे. दुसरं काही लिहिलं तर वाचक अडखळेल.

प्रतिसाद: झाशी, सातारा, नागपूरला ठेवा की. फक्त 'खालसा झालं' नको, 'कंपनीने खालसा केलं' लिहा. 'झालं' म्हटलं की करणारा नामानिराळा राहतो.

पंजाबला अजिबात नको. तो १८४९ मध्ये दुसऱ्या इंग्रज-शीख युद्धानंतर जिंकून घेतला, शिवाय तिथे खालसा म्हणजे शिखांचा पंथ आणि त्यांची फौज. 'पंजाब खालसा केला' या वाक्याचा तिथे भलताच अर्थ होईल.

अल्जीरियाला 'जिंकून फ्रान्सला जोडला' म्हणा. १८३० मध्ये अल्जीयर्स घेतलं, पुढे युरोपीय शेतकरी आणून स्थानिकांच्या जमिनींवर बसवले. 'वसाहत' हा शब्द तिथे अगदी मूळ अर्थाने लागू पडतो. हिंदुस्थानात इंग्रज तसे वसले नाहीत, तरी आपण ब्रिटिश वसाहत म्हणतोच, तो वेगळा वाद.

गंमत म्हणजे काँगोला 'खालसा' चपखल बसतो. १८८५ पासून तो मुलूख बेल्जियमचा नव्हे, राजा लिओपोल्ड दुसरा याच्या एकट्याच्या मालकीचा होता. रबरासाठी तिथल्या लोकांवर झालेल्या अत्याचारांचा बोभाटा युरोपभर झाल्यावर १९०८ मध्ये बेल्जियम सरकारने तो त्याच्याकडून काढून आपल्याकडे घेतला. खाजगी होतं ते सरकारात जमा झालं. अर्थात काँगोच्या लोकांना दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही, हे त्याच परिच्छेदात यायला हवं.

अवधचा उल्लेख असेल तर तिथे दत्तकाचा प्रश्नच नव्हता. वाजिद अली शाह हयात असताना, १८५६ मध्ये, गैरकारभाराचं कारण सांगून राज्य घेतलं. तिथे मी सरळ 'बळकावलं' लिहीन.